ऑफिसात कुणी पाणउतारा केला तर काय करायचं: पहिल्या दहा मिनिटांपासून लेखी तक्रारीपर्यंत

साहेबांनी चारचौघांत अक्कल काढली, सहकारी टोमणे मारतो, फोनवर कुणी खेकसलं. अशा वेळी बहुतेकजण दोनपैकी एक करतात. काही सहा महिने गिळत राहतात आणि एक दिवस भर मीटिंगमध्ये त्यांचा स्फोट होतो. काही त्याच रात्री घरी जाऊन एचआरला लांबलचक मेल ठोकतात, थेट एमडींना सीसीत ठेवून. दोन्हींचा शेवट सारखाच होतो. मूळ अपमान बाजूला राहतो आणि चर्चा तुमच्या वागण्यावर येते. बाजू खरी असलेला माणूस केवळ क्रम चुकल्यामुळे खोटा पडतो, आणि हे मला फार लागतं. म्हणून कोणती गोष्ट कधी करायची ते इथे ओळीने देत आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच प्रसंग धरू. चाकणचा एक कारखाना, डिस्पॅच विभाग, महिनाअखेर. ई-वे बिलात, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदात, गाडीचा नंबर चुकला आणि मालाची गाडी वाटेत अडकली. साहेब खाली आले आणि ट्रान्सपोर्टरच्या माणसासमोर म्हणाले, "चार वर्षं झाली, अजून गाडीचा नंबर धड टाकता येत नाही? लायकी नसेल तर घरी बस."

## आधीची तयारी

ही तयारी अपमान होण्याआधीच करून ठेवायची असते. अंगाचा तिळपापड झालेला असताना कुणी नियम वाचत नाही.

नेमणूकपत्र आणि कंपनीची आचारसंहिता एकदा नीट वाचा. कारखान्यात असाल तर स्थायी आदेश, म्हणजे तिथल्या कामगारांच्या नोकरीचे लेखी नियम, वाचा. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ चाळा. तक्रार कुणाकडे करायची, साहेबांचे साहेब कोण, एचआरमध्ये तुमच्या विभागाचं काम कोण पाहतं, ही नावं माहीत हवीत. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश ऑफिसात ठळक जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. तो कुठे लावलाय ते पाहून ठेवा. लावलेलाच नसेल तर तेही लक्षात ठेवा.

दुसरं, एक साधी वही करा, स्वतःची, घरी राहणारी. आणि तिसरं, दोन-तीन वाक्यं तोंडात बसवून ठेवा. ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. सुचतात ते नको असलेले असतात.

## टप्पा १: पहिली दहा मिनिटं

या दहा मिनिटांत तुम्हाला जिंकायचं नाही. पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी स्वतःची जागा शाबूत ठेवायची आहे, एवढंच काम.

आधी एक श्वास घ्या आणि आवाज खाली आणा. समोरच्याचा आवाज चढलेला असताना तुमचा खाली असेल, तर तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला फरक दिसतो. पुढे साक्षीची वेळ आली तर लोकांना नेमके शब्द आठवत नाहीत, पण कोण ओरडत होतं हे पक्कं आठवतं.

मग कामाचं आणि अपमानाचं एका वाक्यात वेगळं करा:

"सर, नंबर चुकलाय, तो आत्ता दुरुस्त करतो. बाकीचं आपण केबिनमध्ये बोलू."

बस. या वाक्यात चूक मान्य आहे, कामाची हमी आहे, आणि 'बाकीचं' या शब्दात तुम्ही ते ऐकून घेतलेलं नाही हेही आहे. त्यानंतर खरंच कामाला लागा. शब्दांनी ओलांडूच नये अशी हद्द ओलांडली, म्हणजे आई-बापावर गेलं, शिवी आली, तर इतकंच म्हणा: "सर, कामाचं बोला, ऐकतो. ही भाषा नको." आणि तिथून बाजूला व्हा.

लिन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअरसन या संशोधकांनी १९९९ मध्ये कामाच्या जागेवरच्या उद्धटपणाविषयी एक मांडणी केली. असं वागणं वरकरणी किरकोळ असतं आणि त्यामागचा हेतू संदिग्ध असतो. पण त्याला उद्धटपणानेच उत्तर मिळालं की प्रकरण पायरी पायरीने वर चढत जातं. आपल्याकडे यालाच शब्दाने शब्द वाढणं म्हणतात. पहिली पायरी समोरचा चढला आहे. दुसरी तुम्ही चढू नका.

सावधान: रडू आलं तर येऊ द्या, पण जागा बदला. वॉशरूम, जिना, बाहेरचा रस्ता, कुठेही. रडण्यात कमीपणा काही नाही. पण भरल्या गळ्याने दिलेलं उत्तर अर्धवट राहतं आणि ते अर्धवटच लोकांच्या लक्षात राहतं.

हे करू नका: ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडणं. स्टेटसला 'काही लोकांना पद मिळतं, संस्कार मिळत नाहीत' असलं काही टाकणं. त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळच्या आत साहेबांकडे पोहोचतो, आणि उद्या तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो.

## टप्पा २: त्याच दिवशी टिपण

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात, आणि पुढचं सगळं याच्यावरच उभं असतं. झोपण्याआधी वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, नेमके शब्द, तुम्ही काय म्हणालात, आधी काय घडलं होतं.

फरक पाहा. 'साहेबांनी खूप अपमान केला, नेहमीप्रमाणे घाणेरडं बोलले' हे टिपण कुणाच्याही उपयोगाचं नाही. हे चालेल:

"दि. ३०, सकाळी ११.२०, लोडिंग डॉक. हजर: मी, साहेब, ट्रान्सपोर्टरचा माणूस, स्टोअरमधले दोघे. साहेब म्हणाले, 'लायकी नसेल तर घरी बस.' मी म्हणालो, 'नंबर दुरुस्त करतो, बाकीचं केबिनमध्ये बोलू.' कारण: ई-वे बिलात गाडीचा नंबर मी चुकीचा टाकला होता. ११.४० ला दुरुस्त केला."

स्वतःची चूक टिपणात लिहायचीच. ती गाळली आणि नंतर दुसऱ्या कुणाकडून कळली, तर वहीतल्या बाकीच्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

अपमान मेलवर किंवा चॅटवर झाला असेल तर मूळ संदेश पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, पण त्यात तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसायला हवं. एका गोष्टीची फार काळजी घ्या. ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. बऱ्याच कंपन्यांच्या आयटी धोरणात तो नियमभंग असतो आणि तक्रारदारावरच कारवाईला निमित्त मिळतं. मेल कुठल्या तारखेला, कोणत्या विषयाने आला हे वहीत लिहून ठेवा. गरज पडली तर कंपनीच्या सर्व्हरवरून तो काढता येतो. चोरून रेकॉर्डिंग करण्याआधीही कंपनीचं धोरण वाचा.

तपासा: हे टिपण अनोळखी माणसाने वाचलं तर काय घडलं ते त्याला कळेल का? त्यात 'नेहमी', 'सगळेच', 'मुद्दाम' असे शब्द असतील तर खोडा.

## टप्पा ३: प्रकार नेमका कोणता ते ठरवा

एक रात्र जाऊ द्या. मग वही उघडून स्वतःला विचारा, हे नक्की कशात बसतं?

पहिला प्रकार साध्या उद्धटपणाचा. आवाज चढवणं, टोमणा, एकेरीवर येणं, बोलणं मध्येच तोडणं. एकदा किंवा क्वचित घडलेलं. यासाठी टप्पा ४ पासून पुढे जायचं.

दुसरा प्रकार म्हणजे तेच माणूस, तेच लक्ष्य, पुन्हा पुन्हा. सोबत रजा अडवणं, मीटिंगमधून वगळणं, केलेल्या कामाचं श्रेय काढून घेणं. हा निव्वळ उद्धटपणा राहत नाही, हा छळ असतो. इथे वहीतल्या नोंदी साठू द्या. घडलेली एखादी घटना नाकारणं सोपं असतं, तारीखवार नोंदींची ओळ नाकारणं अवघड.

तिसऱ्या प्रकारात कायदा येतो, आणि इथे समोरासमोर बोलण्याचा टप्पा सरळ गाळायचा:

- महिलेला उद्देशून लैंगिक शेरे, अश्लील विनोद, नकोसे मेसेज. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. ही मुदत अनेकींची 'बघू, सुधारेल' म्हणण्यात निघून जाते.
- अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून इतरांदेखत अपमान. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.
- मारहाण, किंवा मारण्याची धमकी. हा पोलिसांचा विषय आहे.

साध्या बोलण्यासाठी मात्र पोलीस ठाण्याची वाट धरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की, वरिष्ठाने कामाच्या आणि शिस्तीच्या बाबतीत दिलेली समज म्हणजे फौजदारी कायद्यातला 'हेतुपुरस्सर अपमान' होत नाही. साहेब रागावले म्हणून गुन्हा दाखल करायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही, आणि ऑफिसातली दारं मात्र बंद होतील.

## टप्पा ४: तुमची चूक आणि त्यांची भाषा वेगळी करा

कामात चूक झाली असेल तर आधी ती निस्तरा आणि निस्तरल्याचं कळवा. "गाडीचा नंबर दुरुस्त केला, गाडी १.१५ ला सुटली. यापुढे बिल काढल्यावर ड्रायव्हरला नंबर वाचून दाखवतो." दोन ओळींचा मेल. त्यात अपमानाबद्दल एक अक्षरही नको.

हे का? तुम्ही भाषेबद्दल बोलायला गेलात की पहिलं उत्तर येणार: "आधी काम नीट कर." ते उत्तर द्यायला जागाच ठेवायची नाही. चूक झाली म्हणून कुणाची लायकी काढण्याचा परवाना मिळत नाही, पण हे ठामपणे म्हणायला चुकीचा हिशेब आधी मिटलेला बरा.

## टप्पा ५: समोरासमोर बोलणं

हा टप्पा टाळून थेट तक्रारीवर उडी मारणारे खूप असतात. एचआरचा पहिला प्रश्नच असतो, "तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" शिवाय बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण आपण काय बोललो हे पुष्कळांना तिसऱ्याच दिवशी आठवत नसतं.

वेळ. एक-दोन दिवसांत, पण महिनाअखेर, ऑडिट, सोमवारची सकाळ टाळा. जेवणानंतरचा वेळ बरा. आधी विचारा: "सर, दहा मिनिटं मिळतील का? कामाचंच आहे, पण एकट्याशी बोलायचंय."

जागा. केबिन किंवा रिकामी मीटिंग रूम. चहाची टपरी नको. तिथे समोरच्याला सगळं हसण्यावारी न्यायला सोपं जातं.

शब्द. काय घडलं, त्याने काय झालं, माझं काय चुकलं, मला काय हवंय. याच क्रमाने, आणि मिनिटभरात:

"सर, परवा डॉकवर ट्रान्सपोर्टरच्या माणसासमोर तुम्ही 'लायकी नसेल तर घरी बस' म्हणालात. त्यानंतर तो माणूस माझं ऐकत नाही, प्रत्येक गोष्टीला 'साहेबांना विचारतो' म्हणतो. नंबर माझ्याकडूनच चुकला होता, त्यावर उपाय केलाय. पुढे काही चुकलं तर मला आत बोलावून सांगा, कितीही कडक सांगा. बाहेरच्या माणसांसमोर नको."

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात कठीण असतं. शांतता सहन होत नाही म्हणून लोक स्वतःच "म्हणजे तसं काही नाही सर, तुम्ही मोठे आहात" म्हणून सगळं मागे घेतात. समोरच्याला उत्तर द्यायची वेळ येऊ द्या.

उत्तरं साधारण ठरलेली असतात. "मी सगळ्यांनाच असं बोलतो" असं आलं तर म्हणा, "असेल सर, मी माझ्यापुरतं सांगतोय." "फार मनाला लावून घेतोस" असं आलं तर, "लागलं म्हणूनच सांगायला आलो." साहेब पुन्हा चढले तर वाद घालू नका. "मला सांगायचं होतं ते सांगितलं" म्हणून उठा. आणि त्यांनी "जरा जास्तच बोललो" म्हटलं तर तिथेच थांबा. आणखी तीन जुन्या गोष्टी काढू नका. मोठ्या पदावरच्या माणसाकडून याहून स्पष्ट माफी क्वचितच येते. ती पदरात घ्या.

सहकाऱ्याशी हेच बोलणं चार शब्दांत होतं: "हे लागलं मला. परत बोलू नकोस." हाताखालच्या माणसाने उद्धटपणा केला तर आत बोलावून सांगा आणि आधी विचारा, घरी काही झालंय का. ग्राहक खेकसला तर बँकेच्या काउंटरवर किंवा कॉल सेंटरमध्ये तुम्हाला फार मोकळीक नसते. नियमात असेल तेवढं करा, एकदा समज द्या आणि पर्यवेक्षकाकडे सोपवा. तिथे तुमच्या बाजूने उभं राहणं हे पर्यवेक्षकाचं काम आहे, आणि तो उभा राहत नसेल तर तक्रार त्याच्याबद्दल करायची.

तपासा: बोलून आल्यावर पुन्हा वही. कधी बोललात, ते काय म्हणाले, काय ठरलं.

## टप्पा ६: लेखी पाठपुरावा

बोलणं ठीक झालं तर त्याच दिवशी एक साधा मेल टाका, फक्त त्यांनाच: "सर, आज वेळ दिलात, आभार. ठरल्याप्रमाणे डिस्पॅचमधल्या अडचणी रोज ४ वाजता तुम्हाला सांगेन, आणि सुधारणा असतील त्या आपण केबिनमध्ये बोलू." वाचायला हा कामाचा मेल आहे. पण बोलणं झालं होतं आणि काय ठरलं होतं, याची तारीखवार नोंद यात आपोआप राहते.

बीसीसीत कुणालाही ठेवू नका. रात्री ११ नंतर लिहिलेला कोणताही मेल ड्राफ्टमध्ये ठेवा आणि सकाळी वाचून मगच पाठवा.

## टप्पा ७: तक्रार

सांगूनही तेच चालू राहिलं, तर आता तक्रार. आता तुमच्याकडे टिपणं आहेत, बोलल्याची नोंद आहे, पाठपुराव्याचा मेल आहे. तक्रार एका पानाची असावी: घटना तारखेच्या क्रमाने, प्रत्येकी दोन-तीन ओळी, साक्षीदारांची नावं, तुम्ही आधी काय प्रयत्न केले, आणि शेवटी तुमची मागणी.

मागणी स्पष्ट लिहा. 'न्याय मिळावा' यातून कुणाला काहीच करता येत नाही. 'मला दुसऱ्या व्यवस्थापकाच्या हाताखाली द्यावं', 'त्यांना लेखी समज द्यावी', 'तिघांची एकत्र बैठक घ्यावी' यातून करता येतं. 'हुकूमशहा', 'विकृत', 'मानसिक रोगी' ही विशेषणं काढून टाका. ती वाचणाऱ्याचं लक्ष घटनांवरून उडवतात. साक्षीदाराचं नाव घालण्याआधी त्याला विचारा. चहा पिताना 'मी आहे तुझ्यामागे' म्हणणारा चौकशीत 'मी नीट ऐकलं नाही' म्हणू शकतो, आणि त्यालाही घर आहे हे समजून घ्या.

पोच घ्या. मेल असेल तर 'मिळाला' एवढं उत्तर मागा. सरकारी कार्यालयात अर्ज योग्य मार्गाने द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तिथे आणखी एक चूक सर्रास होते, ती म्हणजे आमदारांकडून साहेबांना फोन लावणं. सेवेच्या बाबतीत बाहेरचं वजन आणणं वर्तणूक नियमांत बसत नाही, आणि तक्रारदार म्हणून गेलेला माणूस स्वतःच खुलासा देत बसतो.

कारखान्यात कामगार असाल तर एक वाट जास्तीची आहे. वीस किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावी, अशी तरतूद कामगार कायद्यात आहे. युनियन असेल तर प्रतिनिधीला सोबत घ्या. व्यवस्थापक आणि बहुतेक पर्यवेक्षक यात येत नाहीत, त्यांना एचआरचीच वाट.

सावधान: एचआर कंपनीसाठी काम करतं. ते शत्रू नाहीत, पण तुमचे वकीलही नाहीत. मन मोकळं करायला तिथे जाऊ नका, कागद घेऊन जा. मन मोकळं करायचं असेल तर घरचं माणूस आहे, मित्र आहे, किंवा टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे: १४४१६, चोवीस तास. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येत असेल, तर हा फोन तक्रारीच्याही आधी करा.

## टप्पा ८: तक्रारीनंतर

पंधरा दिवसांत काही कळलं नाही तर एका ओळीचा मेल: "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय झालं ते कळवावं." दर वेळी त्याच मेलला उत्तर म्हणून लिहा, म्हणजे सगळी साखळी एकत्र राहते.

या काळात तुमचं काम निर्दोष हवं. हजेरी, वेळ, रिपोर्ट, सगळं. तक्रारीनंतर अचानक कामगिरीवर ताशेरे येऊ लागले, बदली झाली, जुन्या रजा उकरल्या, तर तेही तारखेसह वहीत लिहा आणि त्याच तक्रारीला पुरवणी म्हणून जोडा. आधीच्या वर्षांचे मूल्यमापनाचे निकाल काय होते ते त्यात नमूद करा. चार वर्षं 'उत्तम' आणि तक्रारीनंतरच्या तिमाहीत 'असमाधानकारक', यातला फरक वाचणाऱ्याला न सांगता कळतो.

सोडायचंच ठरलं तर रागाच्या भरात कार्ड टेबलावर टाकून निघू नका. दुसरी नोकरी हातात घ्या, राजीनामा दोन ओळींचा लिहा, नोटीस पिरियड पुरा करा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, उरलेला पगार आणि पीएफचा तपशील हातात आल्यावरच, नोकरी सोडताना कंपनी घेते त्या शेवटच्या मुलाखतीत कारण सांगा, आणि तेही वहीतल्या तारखांसकट.